काहिलीच्या मागं

शिरोलीच्या फाउंड्रीत एकवीस वर्षं लेथवर उभा होतो.
आता केर्लीच्या माळावर, जोतिबाच्या पायथ्याला,
दर रविवारी पेंटबॉलच्या बंदुका दुरुस्त करतो
आणि कोणी विचारलंच
तर लांबचं मारायला शिकवतो.

आल्या आल्या सगळे म्हणतात, मामा, दाब वाढवा.
दाब वाढत नसतो, लेकांनो.
फाटकापाशी वेग मोजतात, सेकंदाला दोनशे ऐंशी फूट.
आकडा वर गेला की पंच आत सोडत नाही.
माळ सगळ्यांना सारखाच लांब आहे.

आधी नळी बघा.
गोळी आत ठेवून नळी उभी धरा,
घरंगळून पडली तर सैल.
मागून फुंकर घाला,
जागची हलली नाही तर घट्ट.
जेमतेम अडावी, एका श्वासात निघावी.
बुश बसवताना हेच करायचो,
फक्त तिथं चूक झाली की सुपरवायझर ओरडायचा,
इथं गोळी नळीतच फुटते
आणि पुढच्या दहा गोळ्या वाट्टेल तिकडं जातात.

मग वारा.
झेंडा बघू नका, तो आपल्या डोक्यावरचंच सांगतो.
समोर गुऱ्हाळ आहे, त्याचा धूर बघा.
सरळ वर चाललाय? मारा.
पन्हाळ्याकडं कलला? दोन हात डावीकडं धरा.
धूर बंद म्हणजे गुळव्या चहाला गेला,
आपणही जरा थांबायचं.

आणि वर धरा. अजून वर.
शाळू राखायला गोफण घेऊन माळ्यावर चढला असाल
तर हे सांगायला नको.
पाखराकडं बघून कोण दगड सोडतंय?
पाखराच्या वरच्या रिकाम्या आभाळाकडं सोडायचा.

रुबिना जमादारला हे एकदाच सांगावं लागलं.
राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानात ती नंबर काढते,
लोकांना शेवटची ओळ वाचायला लावणं हा तिचा रोजचा धंदा.
पहिली गोळी ती नुसती विचारायला सोडते.
कुठं पडली ते बघते.
दुसरी उत्तर घेऊन जाते.

परवा गांधीनगरची पोरं आली होती, कापड दुकानांतली,
सैल, झुळझुळीत शर्ट घालून.
त्यांचा हरेश जुन्या काहिलीमागं बसला.
गूळ आटवून आटवून तळ गेलेली ती काहील,
आम्ही आडोशाला उभी केलेली.
तिच्यावर गोळी बसली की देवळातल्यासारखा टोल पडतो.
रुबिनानं चार टोल पाडले.
पाचवीला नळी इतकी वर केली
की पंचाला वाटलं, पोरगी कंटाळली.

टोल पडला नाही.
गोळी काहिलीवरून गेली, पलीकडं उतरली,
एवढं मला दिसलं.
हरेश क्षणभर ताठ झाला.
शर्टावर डाग नाही.
पंचानं मान हलवली. खेळ चालू.
तो सामना आम्ही हरलो.

इतक्या लांबून गोळीत जोर उरत नाही,
मुखवट्यावर, बंदुकीवर, कशा तरी टणक गोष्टीवर पडली तर फुटते.
सैल कापड तिला झेलून घेतं.
हे मी तिला सांगायला विसरलो होतो.
विसरलो म्हणजे, सांगितलं असतं तर
तिनं ती गोळी सोडलीच नसती, असं वाटलं असावं.

चहाच्या वेळी हरेश आला.
तळहातावर गोळी, अख्खी, एका बाजूनं जरा चपटी.
"पाठीत लागली. फुटली नाही."
"मग लागली तर," रुबिना म्हणाली.
"लागली की. पण नियमात बसत नाही."
"ते पंचाला सांग. मला सांगायला कशाला आलास?"
तो हसला, पाठ चोळत गेला.

मी सवयीनं व्हर्नियर काढला.
सतरा पूर्णांक चार. दमट हवेनं फुगलेली,
पुन्हा नळीत घालायच्या कामाची नाही.
टाकून देऊ का, विचारायला वर पाहिलं
तर ती चहा तसाच ठेवून माळावर निघालेली,
काहिलीच्या दिशेनं, पावलं मोजत,
मोठ्यानं:
एकेचाळीस, बेचाळीस,
आणि गुऱ्हाळाचा धूर आता
सरळ वर.